फोटोंचं सॉफ्टवेअर अपग्रेड करण्याआधी तुम्ही काय तपासलंत? अनुभव लिहा

धागाकर्ती

आठ दिवस झाले, सॉफ्टवेअर उघडलं की नव्या आवृत्तीची चौकट समोर येतेय आणि मी ती बंद करतेय. बाबांनी काढलेल्या फिल्मच्या चारशे स्लाइड्स मी स्कॅन करून ठेवल्यात. त्यांच्यावर बुरशी चढली होती. एकेक डाग हीलिंग ब्रशने (फोटोतला दुसरा भाग उचलून डाग झाकणारं साधन) काढला, काही स्लाइड्सवर दोन-दोनशे डाग होते. ही सगळी मेहनत मूळ फाइलमध्ये नाही, कॅटलॉगमध्ये आहे. फाइल जशीच्या तशी राहते, तिच्यावर काय काय करायचं याची नोंद तेवढी कॅटलॉग ठेवतो. नव्या आवृत्तीने ती नोंद वेगळी वाचली तर?

नव्या सोयींची यादी कुठेही मिळते. तुम्ही अपग्रेडआधी काय करून पाहिलंत आणि नंतर काय निघालं, ते सविस्तर लिहा.

खंड्या

मी पक्ष्यांचे फोटो काढतो. पहाटेचा उजेड आणि वेगवान शटर, त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे येतात) ६४०० च्या खाली क्वचितच येतो. एआयवाला नॉइज रिडक्शन, म्हणजे हे दाणे काढणं, हेच माझं अपग्रेडचं कारण होतं.

ट्रायल घेतली आणि कंपनीचे नमुने बाजूला ठेवून स्वतःचे वीस फोटो चालवले, मुद्दाम वाईटातले वाईट. खंड्याच्या मानेवरची पिसं १०० टक्के झूमवर पाहिली आणि खुर्चीतून उठलोच, इतकी सुटी सुटी दिसत होती. पण त्याच फोटोत पोटाकडचा भाग फोकसच्या बाहेर होता आणि तिथेही पिसांसारख्या रेघा उमटल्या होत्या. त्या कॅमेऱ्याने टिपलेल्याच नव्हत्या. पक्ष्याच्या फोटोत नसलेलं पीस दिसणं मला चालत नाही. स्लायडर निम्म्यावर आणला तेव्हा त्या रेघा गेल्या आणि मान तरीही चांगली राहिली.

दुसरी गोष्ट वेळाची. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मित्राच्या मशीनवर एक फोटो काही सेकंदांत होत होता, माझ्या लॅपटॉपवर सात मिनिटं लागली. वर प्रत्येक फोटोची वेगळी, मूळ रॉपेक्षा (कॅमेऱ्यातून येणारी कच्ची फाइल) मोठी डीएनजी (अडोबीचा रॉ फाइलचा प्रकार) तयार होत होती. अपग्रेड केलं, समाधानी आहे. पण आता आधी कडक निवड करतो आणि शेवटी उरलेल्या दहा-बारा फोटोंवरच ते चालवतो. तुम्हीही ट्रायल स्वतःच्या मशीनवरच घ्या.

शटरवाली

माझं चुकलं ते सांगते. मी समारंभांचे फोटो काढते. एका मोठ्या कामाच्या मधोमध अपग्रेड केलं, कारण त्या रात्री वेळ होता. सॉफ्टवेअरने कॅटलॉग नव्या रूपात बदलून घेतला, जुनी प्रत शेजारी ठेवली, सगळं नीट वाटलं. दोन दिवस नव्यावर काम केलं. मग सहकाऱ्याच्या मशीनवर कॅटलॉग उघडायला गेलो तर उघडेना. तिथे जुनीच आवृत्ती होती आणि त्या मशीनची ऑपरेटिंग सिस्टम नव्या आवृत्तीला चालणारी नव्हती. जुन्या प्रतीत माझे ते दोन दिवस नव्हतेच. बाराशे फोटोंची निवड आणि रंग पुन्हा केले, काम उशिरा गेलं.

नवा कॅटलॉग जुन्या आवृत्तीत मागे नेता येत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं. आता हातातलं काम पोचतं झाल्याशिवाय अपग्रेडला हात लावत नाही.

जुनी_पेटी

गूगलने २०१६ साली पिकासा हे फोटोंचं सॉफ्टवेअर बंद केलं तेव्हा माझ्याकडे घरच्यांच्या फोटोंना लिहिलेल्या हजारो ओळी होत्या: कोण, कुठे, कुणाच्या मांडीवर. त्या टिकल्या, कारण पिकासा मथळे जेपेगच्या आतच लिहीत असे. नंतरच्या प्रत्येक सॉफ्टवेअरला ते वाचता आले. तेव्हापासून कुठलंही सॉफ्टवेअर पाहताना माझा पहिला प्रश्न हाच: मी लिहिलेलं फाइलसोबत राहतं की फक्त तुमच्या डेटाबेसमध्ये? एक्सएमपी फाइल (मथळे, की-वर्ड, एडिट यांची नोंद असलेली छोटी फाइल) फोटोशेजारी लिहिण्याची सोय असेल तर ती आजच चालू करा. अपग्रेड करा, न करा.

रॉ_वाचक

नवा कॅमेरा घेतला आणि जुनं सॉफ्टवेअर त्याची रॉ फाइल ओळखेना. सगळे म्हणाले, अपग्रेडशिवाय गत्यंतर नाही. अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो, रॉची डीएनजी केली आणि जुनंच सॉफ्टवेअर पुढे चालवलं. एक पायरी वाढली, एवढंच.

मध्यंतरी डार्कटेबल हे दुसरं फोटो-सॉफ्टवेअरही पाहिलं. तेही फुकट आहे आणि ताकदीचं आहे. अडोबीच्या लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरमधून एक्सएमपी लिहून नेलं तर फोटोंना दिलेले रेटिंगचे तारे आणि की-वर्ड छान येतात. एडिट मात्र थोडेच येतात, जुळतीलच असंही नाही, कारण प्रत्येकाचं इंजिन वेगळं. स्थलांतराचा विचार असेल तर हे धरूनच चाला.

टिफ

धागाकर्ती, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मोजून मिळतं. कॅटलॉगची प्रत करा आणि नव्या आवृत्तीत फक्त ती प्रत उघडा. मग तोच फोटो दोन्ही आवृत्त्यांतून टिफ (दर्जा न घटवता चित्र ठेवणारी फाइल) म्हणून काढा, एकावर एक लेयर ठेवा आणि वरच्याचा ब्लेंड मोड डिफरन्स करा, म्हणजे दोघांतला फरक तेवढा दिसेल. दोन्ही सारखे असतील तर सगळं काळं दिसतं. फरक बारीक असेल तर काळ्यात काळा लपतो, म्हणून वर लेव्हल्स लावून उजेड चांगला चढवा. मी दहा फोटो असे पाहिले. नऊ काळे निघाले. दहाव्यात खिडकीच्या चौकटीची पुसट कड उमटली, तिथे लेन्स करेक्शन (लेन्समुळे येणारा वाकडेपणा सुधारणं) बदललं होतं.

लाइटरूममध्ये जुने फोटो आपण बदलेपर्यंत जुन्याच प्रोसेस व्हर्जनवर (एडिट वाचण्याची त्या वेळची पद्धत) राहतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे का, तेही बघा.

धागाकर्ती

टिफ, काल रात्री करून पाहिलं. रंग आणि उजेड तंतोतंत जुळले, पडदा काळा. लेव्हल्स चढवल्यावर मात्र एका स्लाइडच्या आकाशात राखाडी ठिपके दिसले, बरोब्बर जिथे मी बुरशी काढली होती तिथे. डाग परत आलेले नाहीत, पण ब्रश आता भरणा वेगळ्या जागेवरून उचलतोय. दोन ठिकाणी आकाशातल्या तारेची रेघ तुटलीय.

म्हणून चारशेच्या चारशे स्लाइड्स जुन्या आवृत्तीतून १६ बिट (रंगांच्या जास्त बारीक छटा राखणारी) टिफ करून बाहेर काढतेय. एकशे दहापर्यंत आलेय. त्या संपल्या की दुसऱ्या डिस्कवर प्रत, आणि मग अपग्रेड.