संशोधनाच्या पेपरात एचओडींचं (विभागप्रमुखांचं) नाव घालावं का? मदत हवी आहे (तातडीचं)

निशाचर
जर्नलच्या विशेषांकाची मुदत आज रात्री संपतेय. एचओडी सरांचं नाव लेखकांत घालायचं की नाही? नियम काय आहे? लवकर सांगा, लेक्चर नको.

खडीसाखर
विषय कुठला? पीएचडी का? एचओडीच गाइड आहेत का? एवढं तरी लिहा.

जुना_मास्तर
आधी दुसऱ्यांच्या मजकुराशी साम्य तपासून घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांत प्रबंधाला १० टक्क्यांपर्यंत माफ, ४०पर्यंत सहा महिन्यांच्या आत सुधारून द्या, ६०पर्यंत वर्षभर थांबा, त्यापुढे थेट नोंदणी रद्द. संदर्भसूची धरत नाहीत.

निशाचर
वाङ्मयचौर्याचं कोण विचारतंय हो! रसायनशास्त्र, पीएचडी. गाइड वेगळ्या आहेत. सरांनी काहीच केलेलं नाही.

तर्री_जास्त
घालून टाक आणि मोकळी हो. माझ्या पेपरात तीन सर होते, एकालाही शीर्षक सांगता आलं नसतं. व्हायव्हा (तोंडी परीक्षा) मात्र वेळेत झाली.

सूक्ष्मदर्शी
वा! आयसीएमजेईचे निकष वाचलेत का कधी? वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे आहेत, पण इतरही मानतात. कामात ठोस वाटा, लेखनात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता, चुकलं तर जबाब द्यायची तयारी. चारही लागतात. नुसता निधी आणला म्हणून कुणी लेखक होत नाही; त्याचे आभार मानतात.

तर्री_जास्त
परदेशात असता वाटतं? इथे प्रगती अहवालावर सही लागते साहेब.

सूक्ष्मदर्शी
नांदेडात असतो. सरकारी विद्यापीठाची लॅब लोकांच्या पैशांवर चालते, खुर्चीतल्या माणसाच्या मालकीची नसते.

जुना_मास्तर
२०२२च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापायची यूजीसीची सक्ती गेली. मग घाई कसली? आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक बघा.

चष्मेवाली
जर्नल केअर यादीत (यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या) आहे ना ताई?

सूक्ष्मदर्शी
ती यादी यूजीसीनेच २०२५मध्ये गुंडाळली.

निशाचर
भरकटताय सगळे. एक सांगायचं राहिलं, नाव घाल असं गाइड मॅडमच म्हणाल्यात. सरांनी एनएमआरचा (रेणूची रचना तपासायच्या यंत्राचा) स्लॉट मिळवून दिला होता.

खडीसाखर
अगं, हे आधी सांगायचं! बरीच जर्नलं आता कोणी काय केलं ते लिहून मागतात, क्रेडिट नावाच्या यादीतल्या १४ भूमिकांत. ती यादी मॅडमना मेल कर आणि विचार, "सरांच्या नावापुढे काय लिहू?" तू नाही म्हणू नकोस. उत्तर लेखी येऊ दे.

सूक्ष्मदर्शी
त्यात साधनसामग्री पुरवण्याची भूमिका आहे. स्लॉट तिथे बरोबर बसवतील.

खडीसाखर
बसवू देत. तुमच्याच चार अटींप्रमाणे मग सरांना मसुदाही वाचावा लागेल.

निशाचर
मेल टाकला. संपादकांकडे दोन दिवस वाढवूनही मागितलेत.

तर्री_जास्त
ते केअर यादीचं खरं आहे का? मग प्रमोशनला पेपर कसे धरतात आता?