मदत हवी आहे : चालू टेबलवर इंडेक्स पूर्णच होत नाही

पोस्टग्रेस डेटाबेसमधल्या एका मोठ्या टेबलवर नवा इंडेक्स (नोंदी पटकन शोधण्यासाठीची सूची) हवा आहे. साधा 'क्रिएट इंडेक्स' चालवला तर तो पूर्ण होईपर्यंत इन्सर्ट-अपडेट अडकतात, आणि आमच्याकडे नोंदी रात्रंदिवस येतात. म्हणून 'कॉन्करंटली' (नोंदी न अडवता इंडेक्स बांधायचा पर्याय) लावलं. पण ते जुनी ट्रान्झॅक्शन्स संपायची वाट पाहत बसतं आणि आमच्या रिपोर्टच्या क्वेऱ्या तासन्‌तास चालतात. मध्येच रद्द केलं की इनव्हॅलिड इंडेक्स मागे राहतो. क्वेरीला त्याचा उपयोग शून्य, पण दर इन्सर्टला भार पडतोच, त्यामुळे तो ड्रॉप करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

रिपोर्टच्या रोलला स्टेटमेंट टाइमआउट (क्वेरीला वेळेची मर्यादा) लावावा, की रिपोर्ट सरळ रेप्लिकावर (डेटाबेसच्या दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतीवर) हलवावेत? मला दुसरा मार्ग बरा वाटतो, कारण रिपोर्टवाल्यांचं काम अर्धवट तुटायला नको. प्रॉडक्शनवर हे केलेल्यांनी कृपया क्रम सांगा.