नॉर्थम्बरलँड परगण्यातील रोमन भिंत आणि लिंडिसफार्न बेट: आई-बाबांसोबत तीन दिवस

प्रश्न (सह्यकन्या):
आई-बाबा मे महिन्यात पुण्याहून माझ्याकडे इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला येत आहेत. बाबांनी उमेदीच्या काळात सह्याद्रीतले पुष्कळ किल्ले पायी पाहिले असल्यामुळे रोमन सम्राट हेड्रियनची भिंत पाहण्याची त्यांना फार उत्सुकता आहे. आईच्या गुडघ्यांना मात्र चढ सोसत नाही. हाऊसस्टेड्स आणि विंडोलांडा ही भिंतीजवळची रोमन लष्करी ठाणी आणि लिंडिसफार्न बेट ही तिन्ही ठिकाणे मोटारीने तीन दिवसांत नीट पाहून होतील का?

प्रतिसाद (दुर्गप्रेमी):
इ.स. १२२ मध्ये बांधायला सुरुवात झालेली ही भिंत सुमारे ११७ किलोमीटर लांब होती, पण तिचा अस्सल रांगडेपणा हाऊसस्टेड्सच्या कड्यावरच जाणवतो. बाबांना तिथे जरूर न्या. वाहनतळापासून ठाण्यापर्यंतची वाट चढाची असल्याने आईंसाठी चेस्टर्स हे दुसरे रोमन ठाणे अधिक सोयीचे ठरेल. नदीकाठच्या त्या सपाट जागेत रोमन सैनिकांच्या स्नानगृहाच्या भिंती अजून चांगल्या उंचीपर्यंत उभ्या आहेत. ही दोन्ही ठिकाणे इंग्लिश हेरिटेज या ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या संस्थेच्या पासात येतात. विंडोलांडाची व्यवस्था वेगळ्या न्यासाकडे असल्याने त्याचे तिकीट निराळे काढावे लागते.

प्रतिसाद (पोथीवाचक):
तिकीट निराळे आहे म्हणून विंडोलांडा गाळू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिथल्या ओल्या, हवाबंद मातीत लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रे १९७३ पासून सापडत आली आहेत. इ.स. १०० च्या सुमारास क्लॉडिया सेवेरा या स्त्रीने आपल्या मैत्रिणीला वाढदिवसाचे बोलावणे धाडले आणि पत्राचा शेवट स्वतःच्या हाताने लिहिला. स्त्रीच्या हस्ताक्षरातील लॅटिन लेखनाच्या सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांत त्या ओळींची गणना होते. मूळ पत्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे आहे, तरी ज्या मातीने ते जपले ती जागा पाहताना मन भरून येते. आईंना भिंतीपेक्षा हेच अधिक भावेल, असे मला वाटते.

प्रतिसाद (खाडीकाठ):
लिंडिसफार्नचा दिवस तुम्ही नव्हे, समुद्र ठरवतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात आपण ओहोटी पाहून चालत जातो, तसाच या बेटाला जोडणारा मोटाररस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, आणि दरवर्षी कोणीतरी घाई करून मोटारीसह अडकते. नॉर्थम्बरलँड कौंटी कौन्सिल सुरक्षित वेळांचा तक्ता प्रसिद्ध करते. तो आधी पाहा आणि मगच बाकीचे दोन दिवस मांडा. ख्रिस्ती संत एडन यांनी ६३५ मध्ये स्थापन केलेल्या आणि ७९३ मध्ये व्हायकिंगांनी लुटलेल्या मठाच्या जागी आज नंतरच्या काळातील मठाचे लालसर दगडी अवशेष आहेत. आईंना तिथे निवांत बसता येईल.

सह्यकन्या:
मनःपूर्वक आभार. तक्ता पाहून आधी बेटाचा दिवस पक्का करते. एक दिवस विंडोलांडासाठी राखून ठेवते आणि उरलेल्या दिवशी सकाळी बाबांना हाऊसस्टेड्सला नेऊन दुपारी सगळे मिळून चेस्टर्सला जाऊ.