ईमॅक्समध्ये मराठी फुटतं, म्हणून ईमॅक्स टाकाऊ?

घाटावरचा:
काल ‘भाषांतरवाला’ यांनी ईमॅक्स या मजकूर लिहायच्या एडिटरबद्दल लिहिलं: “ईमॅक्समध्ये मराठी फाइल उघडली की जोडाक्षरं फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, ओळी वरखाली उड्या मारतात. फुकटच्या सॉफ्टवेअरला मराठीचं सोयरसुतक नाही. दोन दिवसांत सोडलं.”

तक्रार खरी आहे, मी स्वतः भोगलीय. निकाल मात्र साफ चूक आहे आणि तो वाचून गप्प बसवेना.

माझ्याकडे ‘किल्ला’ असा दिसायचा: आधी क, मग एकटी पडलेली वेलांटी, मग पाय मोडलेला ल, मग ला. तीन संध्याकाळी फाँट बदलत बसलो. शेवटी ‘ईमॅक्स वजा-क्यू’ देऊन उघडलं, म्हणजे माझी एकही सेटिंग न वाचता. किल्ला अखंड! दोष माझ्याच इनिट फाइलीत होता, म्हणजे ईमॅक्स सुरू होताना वाचतं त्या सेटिंगच्या फाइलीत. चारशे ओळींची फाइल. अर्धी बंद करून बघायची, उरलेल्यातली पुन्हा अर्धी. नवव्या खेपेला ओळ सापडली: ग्लोबल-ऑटो-कंपोझिशन-मोड बंद करणारी. ‘लांब ओळींच्या फाइली जलद चालतात’ म्हणून मीच कुठून तरी उचलली होती. क, हलंत आणि ष यांचा क्ष करणारं कामच मी बंद करून टाकलं होतं.

आणि सोयरसुतकाचं म्हणाल, तर २०२० च्या २७.१ आवृत्तीपासून ईमॅक्स अक्षरं जुळवायला हार्फबझ नावाचं सॉफ्टवेअर वापरतं. फायरफॉक्स आणि क्रोमही तेच वापरतात.

भाषांतरवाला:
वाचलं. संध्याकाळपर्यंत तीस पानं द्यायची असतात मला. चारशे ओळी नऊ वेळा अर्ध्या करायला वेळ कुणाकडे आहे? शिलाई मशीन घेणाऱ्या बाईला कुणी आधी मशीन खोलायला सांगत नाही.

बरं, शोधायचं तरी कसं? आपण ज्याला विंडो म्हणतो त्याला हे फ्रेम म्हणतात, आणि फ्रेमच्या आतल्या एका कप्प्याला विंडो. तासभर मी चुकीच्या शब्दाने मदत शोधत होतो.

रात्रपाळी:
शब्दांबद्दल भाषांतरवाल्यांच्या बाजूने. ईमॅक्सचा हा १९७६ सालापासूनचा वारसा आहे हे मान्य, पण नव्या माणसाला त्याचा काय उपयोग?

ओळींच्या उड्या मात्र वेगळा आजार आहे, घाटावरच्यांनी त्याला हातच लावला नाही. इंग्रजी फाँट बुटका आणि त्याच्या जोडीला आपोआप निवडलेला देवनागरी फाँट उंच, म्हणून मराठी असलेली प्रत्येक ओळ जाड होते. फाँटसेटमध्ये, म्हणजे कुठल्या लिपीला कुठला फाँट त्या यादीत, देवनागरीला नोटो सान्स देवनागरी नेमून द्या, आणि फेस-फाँट-रीस्केल-अलिस्टमध्ये त्याला ०.९ लावा, म्हणजे तो जरा लहान होईल. खाली सरकताना मजकूर एकदम मध्यावर उडी घेत असेल, तर स्क्रोल-कंझर्व्हेटिव्हली ही सेटिंग शंभराच्या वर न्या. खिडकी मोठी केल्यावर कडेला पट्टी उरते, तिच्यासाठी फ्रेम-रिसाइझ-पिक्सेलवाइज चालू करा.

जुळारी:
ओळींच्या उंचीवर एवढं लिहिताय, पण भाषांतरवाल्यांच्या कालच्या स्क्रीनशॉटमध्ये ‘डोंगरदर्या’ आहे, ते कुणालाच दिसलं नाही? दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या वेगळ्या!

आमचा छापखाना होता. एका शिबिराच्या पत्रकात ‘आचाऱ्यांना’ हवं तिथे ‘आचार्यांना’ छापलं गेलं. आठशे प्रती वडिलांनी पदरमोड करून पुन्हा छापल्या. आज कुणाला त्याचं काही वाटत नाही.

भाषांतरवाला:
तो कीबोर्डचा दोष आहे. तुम्ही विषय भरकटवताय.

जुळारी:
कीबोर्डचा नाही. इनस्क्रिप्ट या मराठी कळमांडणीवर शिफ्ट दाबून जे मारा, ऱ येतो. नुसत्या जे ला र. सवय लावून घ्यायची नाही आणि यंत्राला नावं ठेवायची.

रात्रपाळी:
जुळारी, इतकं सोपं नाही ते. ऱ्य दोन तऱ्हांनी साठवलेला असतो. एक म्हणजे ऱ, हलंत, य. दुसरा म्हणजे साधा र, हलंत, न दिसणारा जोडक, मग य. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. शोधायला गेलात की एकच सापडतो.

जुळारी:
हे मला ठाऊक नव्हतं. पण त्याने आचार्यांचे आचारी होत नाहीत, माझा मुद्दा उभाच आहे.

भाषांतरवाला:
थांबा. माझ्या कोशाच्या फाइलीत ‘सुऱ्या’ शोधला की काही ठिकाणी सापडत नाही. वर्षभर मी हाताने शोधतोय! ब्राउझरमधल्या एडिटरमध्येही तेच. म्हणजे हे आहे?

घाटावरचा:
हेच असणार. ईमॅक्समध्ये त्या बफरपुरता, म्हणजे त्या उघडलेल्या फाइलीपुरता, ऑटो-कंपोझिशन-मोड बंद करा. अक्षरं फुटतील, फुटू द्या. एका प्रकारात र च्या खाली ठिपका दिसेल, दुसऱ्यात दिसणार नाही. मग कर्सर तिथे ठेवून कंट्रोल-यू, कंट्रोल-एक्स, बरोबर-चिन्ह. फाँट कुठला, कोड कुठला, सगळं समोर येतं. ०९३१ आला तर तो ऱ.

भाषांतरवाला:
(रात्री पावणेबारा) केलं. ठिपक्याचे आणि बिनठिपक्याचे, दोन्ही आहेत. जुन्या कामातून चिकटवलेले सगळे बिनठिपक्याचे. एकाच बदलीत सगळे सारखे झाले.

वजा-क्यूने जोडाक्षरंही नीट दिसली. माझ्या इनिट फाइलीत तीच ओळ निघाली, एका तयार सेटिंगमधून आलेली. ‘सोयरसुतक नाही’ हे मागे घेतो. पण ‘नवख्याला हे कळायला हवं होतं’ हे मी मान्य करणार नाही. ती ओळ वाटत फिरणाऱ्यांनी शेजारी लिहायला हवं होतं की भारतीय लिपी फुटतील.

घाटावरचा:
ते मात्र खरं. मी माझी सेटिंग दोघांना दिली होती, त्या ओळीसकट. उद्या सकाळी पहिल्यांदा त्यांना फोन करतो.

जुळारी:
आणि भाषांतरवाले, ‘डोंगरदर्या’ तेवढं दुरुस्त करा.