रेकॉर्डिंगसाठी एकच बेस ठेवायचा तर: लाकूड कोरावं की तारा बदलाव्यात?

खर्जवाला (धागाकर्ता)

दुसऱ्यांच्या गाण्यांवर बेस गिटार वाजवणं हे माझं पोटापाण्याचं काम. सकाळी एखादं संथ गाणं, दुपारी रॉक, संध्याकाळी जाहिरातीची वीस सेकंदं. दोन बेस खांद्यावर वाहून वैताग आलाय, म्हणून एकच ठेवायचं ठरवलंय. मत पक्कं आहे: चार तारांचा पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारा) प्रिसिजन, आणि त्याला ब्रिजजवळ (तारांचं खालचं टोक अडकतं तिथे) जॅझ बेसचं एक पिकअप, म्हणजे तारेचं कंपन विजेत बदलणारा भाग. प्रिसिजन आणि जॅझ हे फेंडर कंपनीचे दोन बेस. ज्याला सगळे पीजे म्हणतात ते.

प्रिसिजनच का? मोकळ्या ई तारेचा स्वर ४१ हर्ट्झचा. फोनच्या स्पीकरमधून तो निघतच नाही. ऐकणाऱ्याच्या कानी पडतात ते त्याच्या वरचे स्वरांश. प्रिसिजनला १९५७ पासून जे दोन तुकड्यांचं पिकअप आहे, ते नेमका हा मधला भाग भरून देतं. शिवाय त्याची दोन वेटोळी अशी उलटसुलट जोडलेली असतात की वायरिंगची घुंई आपसात कटते. अडतं ते स्लॅपपाशी (अंगठ्याने तार ठोकून वाजवणं) आणि वरच्या फ्रेटवरच्या (मानेवरच्या आडव्या पट्ट्या) त्या नाकातल्या, गाणाऱ्या आवाजापाशी. ब्रिजजवळचं पिकअप ही उणीव भरून काढतं. राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) लावायचा, खाच पाडायची, संपलं.

ॲक्टिव्ह प्रीअँप (बेसमध्येच बसवलेलं, बॅटरीवर चालणारं आवाज घडवणारं सर्किट) मात्र नको. एकदा टेक चालू असताना ९ व्होल्टची बॅटरी मेली. आवाज आधी बारीक झाला, मग फाटला, आणि गायिकेला नेमका तोच टेक आवडला होता.

राउटरबंदी

"खाच पाडायची, संपलं" वाचून अंगावर काटा आला. अहो, कोरलेलं लाकूड परत येत नाही!

आणि प्रिसिजनचा मूळ आवाज जसाच्या तसा राहील, हा भ्रम आहे. जॅझसारखे दोन व्हॉल्यूम लावलेत तर जॅझचा पूर्ण शून्यावर नेला तरी त्याचा २५० किलोओहमचा पॉट (बटणामागचा बदलता रोध) सर्किटमध्ये बसलेलाच असतो. दोन पॉट समांतर, म्हणजे व्हॉल्यूमच्या बाजूने पिकअपपुढे १२५ चाच भार. वरची धार थोडी बोथट होणारच. दोन्ही पिकअप पूर्ण उघडलीत तर मधला भाग खचतो. म्हणजे ज्याच्यासाठी प्रिसिजन घेताय तोच गेला.

त्यापेक्षा जॅझ घ्या. टोनचा पॉट काढून ओढून वर येणारा पॉट लावा आणि दोन्ही पिकअप सिरीजमध्ये (एकापुढे एक जोडून) टाकायची सोय करा. आवाज मोठा, जाड आणि मधल्या भागात भरलेला मिळतो. पॉट दाबला की पुन्हा नेहमीचा जॅझ. लागतं काय, एक पॉट, दोन वायरी आणि अर्धा तास. पटलं नाही तर सोल्डर वितळवा, जैसे थे.

खर्जवाला

पॉटचा मुद्दा बिनशर्त मान्य. पण मी दोन व्हॉल्यूम लावणारच नाही. व्हॉल्यूम एकच आणि तीन जागांचा स्विच. जॅझचं पिकअप बंद म्हणजे सर्किटमधून साफ बाहेर. ते पिकअपही एकेरी वेटोळ्याचं नको, त्याच मापात घुंई न करणारी मिळतात.

सिरीजमधला जॅझ मी वाजवलाय. जाड होतो, प्रिसिजन होत नाही. तार एका ठिकाणाहून ऐकली काय आणि दोन ठिकाणांहून ऐकली काय, फरक राहणारच. शिवाय जॅझची मान नटपाशी (मानेच्या वरच्या टोकाला) ३८ मिलिमीटर, प्रिसिजनची सहसा त्याहून तीनेक मिलिमीटर रुंद. माझ्या बोटांना ती रुंदीच मानवते.

नऊव्होल्ट

बॅटरी मेली हा बॅटरीचा दोष की वाजवणाऱ्याचा? केबल जॅकमध्ये खुपसून ठेवली की सर्किट रात्रभर चालूच राहतं, मग ती दुसरं काय करणार?

म्युझिक मॅनचा स्टिंगरे १९७६ पासून ॲक्टिव्ह आहे आणि त्यावर ढिगाने रेकॉर्डिंग झालंय. बेसवादक मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझमध्ये वाद्य बनवणाऱ्या रॉजर सॅडोव्स्कीने प्रीअँप बसवला, तो आवाज पॅसिव्हमधून काढून दाखवा. लांब केबलमध्ये वरची धार गळते, तीही प्रीअँपमुळे वाचते. "ईक्यू (जाड-बारीक आवाजाचा तोल) नंतर संगणकात करू" म्हणणाऱ्यांना एक कळत नाही: हाताखाली जो आवाज येतो त्यावर बोटं वागतात. नंतर केलेला ईक्यू बोटांपर्यंत कसा पोचेल?

मिक्सिंगवाली

मी काचेच्या पलीकडची. तुमची भांडणं हेडफोनमधून ऐकते, म्हणून थोडं बोलते.

नऊव्होल्ट, बोटांचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण प्रीअँपवर बास आणि ट्रेबल दोन्ही कमाल करून आलेला ट्रॅक मला निम्मा वेळ सपाट करत बसावं लागतं. पॅसिव्ह बेस असेल तर केबल छोटी घ्या आणि डीआयचा (बेस थेट रेकॉर्डिंगला जोडणाऱ्या डबीचा) इनपुट एक मेगाओहमच्या आसपासचा आहे ना ते बघा. धार तिथेच वाचते.

खर्जवाले, तुम्ही पिकअपवर अडलात आणि तारांबद्दल अवाक्षर नाही. बेसवादक जेम्स जेमरसनने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचं बहुतेक काम १९६२ च्या एका प्रिसिजनवर केलं. फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्यांच्या) तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोम, उजव्या हाताचं एकच बोट. बेसवादक कॅरल के यांचाही प्रिसिजनच, पण प्लेक्ट्रमने (तार छेडायच्या चिपेने). वाद्य तेच आणि आवाज दोन टोकांचे, आणि त्यासाठी कुणी राउटर चालवला नाही.

ब्रिजजवळचा नाकातला आवाज हवाय ना? हात ब्रिजपाशी नेऊन वाजवा. पूर्ण नाही, पण बराचसा येतो. माझ्याकडे नावं न लिहिता तीन टेक पाठवा: प्रिसिजन राउंडवाउंडवर (खरबरीत वेढ्यांच्या तारांवर), तोच फ्लॅटवाउंड-फोमवर, आणि कुणाचा तरी सिरीजमधला जॅझ. मग बोलू.

राउटरबंदी

+१. टेक पाठवाच. जॅझ माझा घेऊन जा.

खर्जवाला

पाठवले होते, निकाल इथेच सांगतो. ताईंनी फोमवाला लगेच ओळखला. उरलेल्या दोनांत मात्र सिरीजमधल्या जॅझला त्या प्रिसिजन म्हणाल्या! गाण्यात बसवलेला होता, एकटा ऐकवला असता तर फसल्या नसत्या असं मी अजूनही म्हणतो. पण गाण्यातच तो कुणाला कळणार नसेल तर माझ्या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही, हेही कळतंय.

फ्लॅटवाउंडचा ताण जास्त निघाला, मान पुढे वाकली. ट्रस रॉड (मानेतली सळई) पाव फेरा घट्ट केला आणि बाराव्या फ्रेटवर इंटोनेशन (वरचे स्वर सुरात येणं) पुन्हा लावलं. एक संध्याकाळ गेली.

राउटर तूर्तास म्यान. स्लॅप मागणारी कामं महिन्यात किती येतात ते मोजतोय. चारच्या वर गेली तर खाच पडणार, आणि तेव्हा राउटरबंदींनी हा धागा उघडू नये.

नऊव्होल्ट

फोम किती जाड लावलात? मी लावला तर ई तार ठोकळ्यासारखी वाजते, स्वरच कळत नाही.

खर्जवाला

भांडी घासायच्या स्पंजचा मऊ भाग, ब्रिजला चिकटून, तारांना खालून जेमतेम टेकेल इतकाच. ई तारेखाली कात्रीने थोडा तासून घ्या. आधी मीही सरळ पट्टी कोंबली होती.