निफाडला घर बांधतोय, थंडीतलं ऊन आत येण्यासाठी खिडक्या कशा ठेवू?

द्राक्षवेल: काम जोत्यापर्यंत आलंय. आईला संधिवात आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी तिची बोटं वळत नाहीत, बाहेर उन्हात बसावं लागतं. ते ऊन घरातच मिळावं असं फार वाटतं. मिस्त्री म्हणतात, दक्षिणेला खिडकी ठेवली तर उन्हाळ्यात भट्टी होईल.

ओळंबा: ही भीती पश्चिमेच्या खिडकीबाबत खरी आहे. तिथे ऊन तिरपं येतं, छज्जा कामी येत नाही. दक्षिणेचं तसं नाही. आपण 20 अंश अक्षांशावर आहोत. मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, 22 डिसेंबरला मात्र दक्षिणेकडे 46-47 अंशांवरच. चार फूट उंच खिडकीला वरच्या कडेलगत दीड फूट छज्जा द्या. मार्चअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी काचेवर ऊन नाही. डिसेंबरात वरच्या दीडेक फुटावर सावली, खाली ऊनच ऊन. छज्जा दोन्ही बाजूंना फूटभर जास्त काढा.

थंडीत सूर्य आग्नेयेकडे उगवतो. तेव्हा आईंची खोली त्याच कोपऱ्यात घ्या.

द्राक्षवेल: आग्नेयेला स्वयंपाकघर ठरलंय. वास्तूसाठी घरचे अडून बसलेत.

शहाबादी: लेहला दोन हिवाळे काढलेत. तिथे दक्षिणेला काचेची अख्खी खोली असते, शेलखांग म्हणतात. तसं निफाडला करू नका. आपल्याकडे दुपार उबदारच असते, गारठा रात्री आणि सकाळी. खिडकी बेताची ठेवा, समोर गडद दगडी फरशी घाला, सतरंजीने झाकू नका. दिवसभराचं ऊन फरशी धरून ठेवते. सूर्य मावळला की लाकडी झडपा लावा, नाहीतर ऊब काचेतूनच निघून जाते.

आणखी एक. 15 ऑक्टोबरला सूर्य जिथे असतो तिथेच फेब्रुवारीअखेर असतो. म्हणजे छज्जा ऑक्टोबरच्या उकाड्यातही ऊन आत सोडणार. तेवढ्यासाठी बाहेरून बांबूची चिक टांगा. आतल्या पडद्याने भागत नाही, ऊन काचेतून आलेलं असतं.

ओळंबा: स्वयंपाकघर तिथेच राहू द्या की. ओटा पूर्वेच्या भिंतीला, दक्षिणेच्या खिडकीखाली दगडी बैठक. खिडकी दीड फुटावरून सुरू करून लिंटलपर्यंत, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईपर्यंत, साडेपाच फूट घेतलीत, तर छज्जा दोन फूट करा. दक्षिणेला मळ्यातलं आंब्याचं झाड नाही ना?

द्राक्षवेल: झाड पश्चिमेला आहे. आई भाजी निवडायला तशीही स्वयंपाकघरातच बसते. उद्या मिस्त्रींना दोन फुटांचा छज्जा सांगतो.