मदत हवी आहे: कोअर २ ड्युओवर पॅकेज क्रॅश होतंय, एव्हीएक्सचा कोड भलत्याच फंक्शनमध्ये

नमस्कार मंडळी,

मी एका डिस्ट्रोसाठी सी++ मधली ऑडिओ लायब्ररी पॅकेज करतो. आमच्याकडे किमान अट साध्या एक्स८६-६४ ची आहे, म्हणजे प्रोसेसरमध्ये एसएसई२ हा जुना इन्स्ट्रक्शन संच असला की पॅकेज चाललंच पाहिजे. नवी आवृत्ती गेली आणि कोअर २ ड्युओ हा जुना इंटेल प्रोसेसर वापरणाऱ्या एकाची तक्रार आली: प्रोग्राम सुरू होताच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन', एक्झिट कोड १३२.

पहिला संशय 'मार्च=नेटिव्ह' वर, म्हणजे बिल्ड करणाऱ्या मशीनच्याच प्रोसेसरसाठी कोड बनवायला सांगणाऱ्या फ्लॅगवर. बिल्ड फाइलमध्ये ते होतंही. काढून टाकलं, तरी क्रॅश तसाच.

मग जीडीबी हा डीबगर लावला. अडलेली इन्स्ट्रक्शन 'व्हीमूव्हडीक्यूयू', म्हणजे एव्हीएक्स या नव्या संचातली, जो कोअर २ ड्युओत नाही. पण ती सापडली कुठे, तर व्हेक्टरची जागा वाढवणाऱ्या साध्या टेम्प्लेट फंक्शनमध्ये! लायब्ररी चालताना सीपीयू तपासते आणि ती तपासणी बरोबर आहे. जुन्या मशीनवर एव्हीएक्स२ (एव्हीएक्सची पुढची आवृत्ती) च्या फंक्शनकडे ती फिरकतही नाही. घोळ वेगळाच निघाला. एव्हीएक्स२ ची फाइल वेगळा फ्लॅग देऊन कंपाइल होते, आणि तिच्यातही व्हेक्टर वापरलाय. त्यामुळे त्या टेम्प्लेटची एक प्रत तिथेही तयार होते. कंपाइल झालेल्या फाइली जोडणारा लिंकर अशा प्रतींमधली आधी दिसलेली ठेवतो, बाकीच्या टाकतो. आमच्या नशिबी एव्हीएक्सवाली आली. हे कळायला तीन रात्री गेल्या.

लिंक करताना फाइलींचा क्रम बदलला की क्रॅश जातो, पण त्यावर विसंबायची माझी तयारी नाही. एव्हीएक्स२ च्या फाइलचा फ्लॅग काढून तिच्यातल्या प्रत्येक फंक्शनला 'टार्गेट' अ‍ॅट्रिब्यूट देता येईल. पॅच मोठा होतोय आणि दर आवृत्तीला तो सांभाळावा लागेल. मला पटतोय तो जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) च्या एचडब्ल्यूकॅप्सचा मार्ग: लायब्ररी दोनदा बिल्ड करायची, साधी नेहमीच्या जागी आणि दुसरी 'एक्स८६-६४-व्ही३' (एव्हीएक्स२ असलेल्या प्रोसेसरांची पातळी) च्या फोल्डरात. जीलिबसी २.३३ पासून प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी आणणारा लोडर योग्य ती स्वतः निवडतो. पण स्टॅटिक लिंक करणाऱ्यांना, म्हणजे लायब्ररी थेट प्रोग्राममध्येच घालणाऱ्यांना, याचा काहीच उपयोग नाही, आणि असे लोक आमच्याकडे आहेत.

कुणी दोन्ही गोष्टी एकत्र सांभाळल्यात का? दुसरं म्हणजे, हे बिल्डच्या वेळीच पकडायचं कसं? क्यूईएमयू या इम्युलेटरला 'कोअर२ड्युओ' सीपीयू देऊन टेस्ट चालवल्या तर क्रॅश दिसतो, पण टेस्ट ज्या वाटेने जातील तेवढंच कळतं. ऑब्जडंप (बायनरीतल्या इन्स्ट्रक्शन दाखवणारं साधन) च्या आउटपुटमध्ये एव्हीएक्सचे २५६ बिटांचे 'वायएमएम' रजिस्टर शोधणारी स्क्रिप्ट लिहिली, तर हा क्रॅश तिच्यातून निसटला, कारण इथे १२८ बिटांचे 'एक्सएमएम'च वापरलंय.

रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ने एक्स८६-६४-व्ही२ पातळीची आणि १० ने व्ही३ ची अट घातली हे माहीत आहे. 'तुम्हीही अट वाढवा' एवढंच कृपया सुचवू नका. तक्रार करणाऱ्याचं रोजचं काम त्याच मशीनवर चालतं आणि आम्ही ती चालेल असं लिहून दिलंय.

बॅकट्रेस आणि लिंकर मॅप तयार आहेत, हवे असतील तर इथेच टाकतो.